कोणाच्या हातचं?

एकदा एका गुळाच्या पेठेच्या गावात, तिथल्या कॉलेजात, एक उंच मुलगा शिकायला आला. शिकायला म्हणजे आपले नावाला. खरा आला होता बास्केटबॉल खेळायला. हे त्याला ठाऊक होते, प्राचार्यांना ठाऊक होते, आणि ज्यांनी त्याला डोंगरातल्या वाडीवरून शोधून आणला त्या गुळाच्या शेठजींना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होते.

मुलाचे नाव जोतीराम. दारातून आत येताना मान तिरकी करावी लागे. पेठेतून चालला की हमाल पाठीवरची ढेप विसरून वर बघत. देव कुणाकुणाला हात देताना हात आखडता घेत नाही, तसे त्याचे हात. चेंडू त्या पंजात लिंबाएवढा दिसे. असा खेळ पोटासाठी खेळणारे व्यावसायिक लोक खेळतात, कॉलेजची पोरे नव्हेत, असे जाणकार सांगत. ज्यांना काही कळत नव्हते ते त्याहून मोठ्याने सांगत.

वाडीवर त्याची आई एकटीच राहिली. एसटीत बसवताना तिने भाकरी बांधून दिली होती. ती त्याने घाट उतरायच्या आत संपवली आणि फडके खिडकीबाहेर झटकले. पुढचेच दिसत होते त्याला, मागचे बघायचे वय नव्हते.

पुढे काय होते? तर दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत असे. या कॉलेजचा संघ वळकट्या घेऊन जाई आणि त्या सोडायच्या आत हरून परत येई. यंदा मात्र अंतिम सामना बघायला एका पगारी, व्यावसायिक संघाचे निवड करणारे गृहस्थ येणार होते. ते फक्त अंतिम सामनाच बघत. आधीचे सामने बघण्यात त्यांना गोडी नव्हती. म्हणजे जोतीरामचे नशीब असे बांधलेले होते: संघ शेवटपर्यंत पोचला तर त्याचा खेळ त्या माणसाच्या डोळ्यांना दिसणार. नाही पोचला, तर पुन्हा वाडी. आणि वाडीवर त्या उंचीचा उपयोग फणस काढण्यापुरता.

संघाचे गुरू एक म्हातारे होते. मूळचे तालमीतले. कुस्तीत गुडघा गेला म्हणून कॉलेजाने त्यांना मैदान सांभाळायला ठेवले, आणि मैदानावर बास्केटबॉलचे खांब होते म्हणून ते बास्केटबॉल शिकवू लागले. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. बोलणे असे की चांगले बोलले तरी समोरच्याला आपल्याला शिवी बसली असे वाटे.

शेठजी स्वतः जोतीरामला घेऊन मैदानावर आले.

“वस्ताद, हिरा आणलाय.”

वस्तादांनी हिऱ्याकडे पायापासून वर बघायला सुरुवात केली. बघता बघता डोक्यावरची टोपी मागे पडली. ती उचलून झटकत ते म्हणाले, “चमकतोय खरा. अंगठीत बसतोय का बघू.”

त्याच दिवशी त्यांनी पोरांचे दोन भाग करून सराव सामना लावला. मोजायला स्वतः भिंतीशी उभे राहिले. हातात कोळसा. बास्केट झाले की भिंतीवर रेघ. पहिले बास्केट बसगोंडाने केले. हा शेतकऱ्याचा पोरगा, बैलासारख्या खांद्यांचा. चेंडू जाळीतून खाली पडतो न पडतो तोच वस्ताद ओरडले, “कोणाच्या हातचं?”

बसगोंडा मागे पळता पळताच म्हणाला, “इक्बालच्या.”

वस्तादांनी रेघ मारली.

जोतीरामला वाटले, इथली काहीतरी रीत असेल. आपल्याला काय. त्याने चेंडू हिसकावला, टप्पे देत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, वाटेतले सगळे जण गवतासारखे बाजूला झाले, आणि त्याने चेंडू रिंगमध्ये असा ठेवला जसा आपण देवळीत दिवा ठेवतो. मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“कोणाच्या हातचं?”

“काय?”

“चेंडू कोणी दिला तुला?”

“कोणी नाही. माझा मीच घेतला.”

“मग बेवारशी,” वस्ताद म्हणाले. “बेवारशी माल आपण मोजत नाही. खेळा पुढं.”

कोळसा जागचा हलला नाही.

जोतीरामला वाटले, म्हातारा गंमत करतोय. त्याने आणखी एक केले, तसेच. तेही बेवारशी. मग हट्टाला पेटून तो करतच गेला. ओरडून ओरडून लोकांचा गळा बसला. आणि संध्याकाळी भिंतीवर बघतो तर त्याच्या बाजूला रेघा इतक्या कमी की समोरची बाजू जिंकलेली. समोरच्या बाजूला सुकुमार नावाचा चष्मेवाला पोरगा होता. वाऱ्याने पडेल अशी तब्येत, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. तो हसत होता. मुद्दाम नव्हे, त्याचे तोंडच तसे होते. पण हरलेल्या माणसाला तो फरक कळत नाही.

जोतीराम थेट शेठजींच्या दुकानी गेला.

“शेठ, मी परत जातो. तुमच्या वस्तादांना मोजता येत नाही.”

शेठजींनी त्याला पाणी दिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मैदानावर आले. आल्या आल्या म्हणाले, “वस्ताद, पोरगं हत्तीच्या बळाचं आहे. त्याला असं जाचून काय साधतंय? मोजा की सरळ.”

“शेठ, तुमच्याकडं ढेप येते,” वस्ताद म्हणाले. “रंग बघता, फोडून चाखता. गोड लागली. मग पहिला प्रश्न काय विचारता?”

“गुळव्या कोण, म्हणजे गूळ कोणी केला, ते विचारतो.”

“का? गूळ गोड लागला, संपलं. रस आटवताना काहिलीपाशी कोण उभं होतं, त्याच्याशी काय करायचं तुम्हाला?”

शेठजींनी भिंतीवरच्या रेघांकडे बघितले. मग त्यांनी टोपी सारखी केली, आणि जाता जाता जोतीरामच्या पाठीवर हात ठेवून एवढेच म्हणाले, “आठवडाभर कळ काढ, बाबा.”

जोतीरामला यातले काही कळले नाही. व्यापारी आणि म्हातारा गुळाबद्दल बोलले आणि आपला निकाल लागला, एवढेच त्याला दिसले. तो दात खाऊन राहिला. मनात म्हणाला, इथे रेघा मारा नाहीतर पुसा, स्पर्धेत पंच मोजणार आहेत. पंच कोणाच्या हातचं ते विचारत नसतात.

आणि ते खरेच होते. स्पर्धा शेजारच्या जिल्ह्यात होती. पहिल्या सामन्यात पंचांनी सगळे मोजले. जोतीराम एकटाच खेळला म्हटले तरी चालेल. बाकीचे चौघे त्याच्या मागून पळत होते, जसे लग्नाच्या वरातीत घोड्यामागून पळतात. सामना जिंकला. बाहेर पेठेतून टेम्पो भरून आलेले लोक ओरडत होते, “जोत्या, जोत्या.”

वस्तादांनी संघाला खोलीत नेले, दार लावले, सगळ्यांना जमिनीवर गोल बसवले आणि मधे शेंगदाणे-गूळ ठेवला. मग एकेकाला विचारले, “आज तुला कोणाच्या हातचं मिळालं?”

बसगोंडा म्हणाला, “इक्बालच्या.”

इक्बाल म्हणाला, “सुकुमारच्या.”

पुढचा दयानंद. तो म्हणाला, “मला पण सुकुमारच्या. एकच मिळालं, पण मिळालं.”

सुकुमार चष्मा पुसत म्हणाला, “बसगोंडाच्या. माझं आत गेलं नाही, पण दिला त्यानं.”

“आणि तुला?” वस्तादांनी जोतीरामला विचारले.

“माझा मीच.”

“म्हणजे तू उपाशी,” वस्ताद म्हणाले. “बरं, गूळ खा.”

बाहेर अजून “जोत्या, जोत्या” चालले होते. जोतीराम हसला. उपाशी म्हणे. दाराबाहेर आख्खा गाव माझे नाव घेतोय आणि मी उपाशी.

पण माणसाचे मन विचित्र आहे. लोणच्याची फोड दातात अडकावी तशी एक गोष्ट त्याच्या मनात अडकली. त्या खोलीत इक्बालचे, बसगोंडाचे नाव फिरले. सुकुमारचे तर दोनदा फिरले, ज्याला धड उडी मारता येत नाही. आपले नाव एकदाही नाही.

उपांत्य सामना आला. समोरच्या संघाचा गुरू मूर्ख नव्हता. त्याने जोतीरामला पहिल्या सामन्यात बघितला होता. त्याने दोन आडदांड पोरे जोतीरामच्या अंगाला चिकटवून दिली, जशी गोचीड चिकटते. जोतीराम वळला की ती वळत, थांबला की थांबत. त्याच्या हातातून चेंडू निसटू लागला. शेवटी शेवटी तर तो नुसता उभा होता, हात वर करून, वीज गेलेल्या खांबासारखा. आणि इकडे दयानंदने इक्बालला, इक्बालने बसगोंडाला, असे करत करत त्या चौघांनी कसाबसा सामना काढला. अगदी काठावर.

बाहेर लोकांनी खांद्यावर घेतला तो जोतीरामलाच. लोकांना सवय झाली होती.

खोलीत पुन्हा गोल. पुन्हा शेंगदाणे-गूळ. “कोणाच्या हातचं?” आणि पुन्हा नावे फिरली. या वेळी जोतीराम गूळ चघळत नव्हता. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. परीक्षेचा निकाल वाचताना पोरे मास्तरांच्या तोंडाकडे बघतात, तसा. दयानंदने तोंड उघडले तेव्हा त्याला वाटले, आता येईल. आले इक्बालचे.

दिवेलागणीला वस्ताद, संघ उतरला होता त्या शाळेच्या ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. जोतीराम जवळ येऊन उभा राहिला. मग बसला. बसला तरी वस्तादांपेक्षा उंचच.

“वस्ताद, माझं नाव कोणी घेत नाही.”

“सगळी पेठ घेतेय की. कान किटले माझे.”

“आत. आपल्यात कोणी घेत नाही.”

वस्ताद तेल चोळायचे थांबले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच खरबरीत होता.

“माझा बाप तापट होता. गोड शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. पण जेवण झालं, हात धुवायच्या आधी तो विचारायचा, ‘आज भाकरी कोणाच्या हातची?’ घरात भाकरी करणारी एकच, माझी आई. त्याला माहीत, आम्हाला माहीत. तरी आम्ही पोरांनी ओरडून सांगायचं, ‘आईच्या हातची.’ मला वाटायचं, बाप खुळा आहे. मग एकदा मला ताप आला, म्हणून मी आत चुलीपाशी पडलो होतो. बाहेरून आवाज आला, कोणाच्या हातची? आईच्या हातची. तेव्हा मी पहिल्यांदा आईचं तोंड बघितलं. तवा उतरवत होती, ती हातातला तवा धरून तशीच थांबली. मग उतरवला. एवढंच. पण तेव्हा मला कळलं, तो प्रश्न ताटावर बसलेल्यांसाठी नव्हताच. आत जी बसली होती, तिच्या कानावर पडावा म्हणून होता.”

जोतीरामने तेलाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

“सगळं जग रिंगकडं बघतं,” वस्ताद म्हणाले. “चेंडू देणारा मागं राहतो, त्याच्याकडं कोणी बघत नाही. त्याच्या कानावर त्याचं नाव पडलं नाही, तर त्याचे हात हळूहळू गार पडतात. आणि गार हातात ऐन वेळी चेंडू आला तर तो निसटतोच. तुझ्यासारखा गडी मिळाला की पोरं चुलीसारखी विझतात, लेका. म्हणून मी विचारतो. तू मोठा खेळाडू आहेस. तुझ्याइतका मी माझ्या जन्मात बघितला नाही. पण आजवर तू कोणाला जेवायला घातलं नाहीस. मग नाव कोण घेणार तुझं?”

म्हाताऱ्याने आपल्याला मोठा खेळाडू म्हटले, हे जोतीरामच्या फार उशिरा, अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले.

अंतिम सामन्याला निवड करणारे ते गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पुढच्या ओळीत बसलेले. शेठजी त्यांच्या शेजारी, स्वतःच्या मुलीचे लग्न असल्यासारखे घामाघूम.

आणि जोतीराम बदललेला होता. चेंडू हातात आला की देत होता. इक्बालला दे, बसगोंडाला दे. रिंगखाली एकटा उभा, समोर चिटपाखरू नाही, तरी वळून मागे देत होता. दयानंदची पाठ वळलेली असताना त्याच्या पाठीवर चेंडू आपटला. सुकुमारच्या पुढ्यात दोन दांडगे उभे असताना त्याच्याकडे फेकला, तर चेंडू गेला एकीकडे आणि दोरीसकट चष्मा गेला दुसरीकडे. समोरचा संघ पुढे निघून गेला. कठड्यावरचे लोक आधी गोंधळले, मग चिडले. शेठजींनी कपाळाला हात लावला. पांढऱ्या शर्टाने घड्याळ बघितले.

मध्यंतराला वस्तादांनी त्याला बाजूला घेतले. जोतीरामला वाटले, शाबासकी मिळणार.

“हे काय चालवलंयस?”

“तुम्हीच म्हणालात ना, वस्ताद. जेवायला घालतोय.”

“पंगतीत वाढलंयस कधी?”

“वाडीवर. भंडाऱ्याला.”

“आमटीचं पातेलं घेऊन निघालास की डोळे कुठं असतात? पातेल्यात?”

“पानावर.”

“कोणाचं पान रिकामं आहे ते बघतोस. ज्याचं भरलंय त्याच्या पानात ओतलंस तर तो शिव्या देईल. जो पाठ करून बसलाय त्याच्या डोक्यावर ओतलंस तर मार देईल. आणि तू आज कोणाकडं बघतोयस? सगळ्यांच्या तोंडाकडं. माझं नाव घेताय का, माझं नाव घेताय का. काल एकटा खात होतास, आज नावासाठी वाढतोयस. भूक तीच आहे, गड्या. फक्त तोंड फिरवलंय.”

जोतीरामचे कान लाल झाले. कारण ते खरे होते, आणि म्हाताऱ्याने ते बसगोंडाच्या समोर सांगितले होते. बसगोंडाने मात्र हसण्याऐवजी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

“घे,” तो म्हणाला. “आणि मला जरा वर टाक. खाली वाकायला लागतं. माझं पोट आडवं येतं.”

मग दोघेही हसले. मैदानावर हसत उतरलेला संघ समोरच्यांना आवडत नाही, त्यांना वाटते काहीतरी शिजलेय.

दुसऱ्या डावात जोतीरामने तोंडे बघणे सोडले. पाने बघू लागला. आणि बघायला लागल्यावर त्याला जे दिसले त्याने तो चकितच झाला. हे सगळे आधीपासून तिथेच होते. बसगोंडा रिंगखाली एका दांडग्याला पाठीने रेटून धरतो, म्हणून आपल्याला उडी मारायला जागा मिळते. इक्बाल उगाच इकडून तिकडे पळत नाही, पळतो तेव्हा समोरचा एक जण त्याच्यामागे ओढला जातो. इतके दिवस ज्या मोकळ्या वाटेने आपण एकटे धावत गेलो, ती वाट मोकळी नव्हतीच. ती कोणीतरी मोकळी करून ठेवलेली होती. एकही बास्केट बेवारशी नव्हते. वारस आपल्याला दिसत नव्हते.

त्याच्या अंगाला पुन्हा दोघे चिकटले. मग तिसराही आला. तिघे इथे आहेत म्हणजे कोणाचे तरी पान उघडे पडले असणार. कोपऱ्यात सुकुमार उभा होता. त्याला धरायला कोणी उरलेच नव्हते, आणि धरावे असे कोणाला वाटलेही नसते. हात छातीपाशी, तयार. गार नव्हते ते हात. इतके दिवस म्हातारा त्याला ऊब देत आला होता.

जोतीरामने तिघांच्या डोक्यावरून चेंडू दिला. बरोबर छातीवर. सुकुमारने चष्मा वर केला, हे कशाला केले देव जाणे, आणि चेंडू सोडला. चेंडू रिंगच्या कडेवर एकदा बसला, विचार केल्यासारखा थांबला, आणि आत पडला.

कठडा उठून उभा राहिला. आरडाओरडा असा की पंचांची शिटी ऐकू येईना. त्या सगळ्या गदारोळात सुकुमार मागे पळत जोतीरामच्या शेजारून गेला आणि नेहमीच्या आवाजात, कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसे, म्हणाला, “जोतीरामच्या.”

सगळ्या पेठेने हजारदा घेतलेले नाव. पण जोतीरामला वाटले, हे आपण आज पहिल्यांदा ऐकतोय. तो क्षणभर होता तिथेच थांबला. हातात तवा धरून कोणी थांबावे तसा.

“पळ की,” इक्बाल ओरडला. “फोटो काढायचाय का?”

मग तो पळाला.

सामना फिरला. फिरत फिरत शेवटाला आला तेव्हा समोरचा संघ अवघ्या एका गुणाने पुढे होता आणि चेंडू जोतीरामच्या हातात होता. त्याने डावीकडे बघितले. इक्बाल झाकलेला. उजवीकडे बसगोंडाच्या अंगावर एक, दयानंदच्या अंगावर एक. सुकुमारला आता सगळे ओळखू लागले होते, त्याच्यासमोरही एक भिंत उभी. सगळी पाने भरलेली. त्याच्यासमोर मात्र एकच जण, तोही दमलेला. जोतीराम घुटमळला. आता आपण टाकले तर पुन्हा तेच होईल का, एकट्याचे खाणे?

बाकावरून वस्तादांचा आवाज आला. ओरडून नव्हे. पण तो आवाज खरबरीत असल्यामुळे कुठल्याही गोंगाटातून वाट काढी.

“आता तू जेव, लेका.”

जोतीरामने उडी मारली आणि चेंडू सोडला. पुढचे सांगायला नको. शिटी वाजली तेव्हा पेठेतले लोक मैदानात घुसले होते आणि शेठजी पांढऱ्या शर्टाच्या गळ्यात पडून रडत होते.

ते गृहस्थ शर्ट सारखा करून वस्तादांकडे आले. म्हणाले, “मुलगा आम्ही घेतो. पहिल्या डावात मी निघालोच होतो, खरं सांगतो. पण एक विचारू? शेवटी शेवटी तो प्रत्येक बास्केटनंतर मागे वळून काहीतरी पुटपुटत होता. मंत्र आहे का काही?”

“मंत्र कसला,” वस्ताद म्हणाले. “स्वयंपाक कोणी केला ते सांगतोय. तुमच्याकडं आल्यावर मोडू नका ती सवय.”

खोलीत शेवटचा गोल बसला. या वेळी शेठजीही आत शिरले, आणि खाली बसताना त्यांचे गुडघे वाजले. मधे शेंगदाणे-गूळ. गूळ शेठजींनी आणलेला.

वस्तादांनी विचारले. बसगोंडा म्हणाला, “जोतीरामच्या.” इक्बाल म्हणाला, “जोतीरामच्या.” दयानंद म्हणाला, “मला आज दोघांच्या. एक जोतीराम.” सुकुमारने आधीच सांगितले होते, तरी पुन्हा सांगितले.

“आणि तुला?”

जोतीरामने हातातले शेंगदाणे खाली ठेवले. तो म्हणाला, “तुमच्या, वस्ताद.”

“मी चेंडूला हात लावलेला नाही,” वस्ताद म्हणाले. “खोटं बोलू नको.”

“मग सगळ्यांच्या.”

“सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्याच नाही. मोघम आभार फुकट असतात. नावं घे.”

मग जोतीराम एकेक नाव घेऊ लागला. शेवटचा चेंडू इक्बालने दिला, तो इक्बाल. इक्बालला बसगोंडाने दिला, तो बसगोंडा. कोपऱ्यात एकाला अडकवून ठेवणारा सुकुमार. दयानंद. सबंध सामनाभर बाकावर बसून ज्यांनी पाणी दिले ती बदली पोरे, त्यांचीही नावे त्याला येत होती, आणि आपल्याला ती येतात याचे त्याचे त्यालाच नवल वाटले. मग शेठजी. शेठजींनी उपरण्याने नाक पुसले.

इथे तो थांबला. सगळ्यांना वाटले, संपले. पण तो जमिनीकडे बघत होता. त्याला घाटातली एसटी आठवत होती, आणि खिडकीबाहेर झटकलेले फडके.

“आणि आमच्या आईच्या,” तो म्हणाला.

तिने चेंडूला हात लावलेला नाही, असे या वेळी वस्ताद म्हणाले नाहीत. त्यांनी मधला गुळाचा मोठा खडा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“हा खाऊ नको,” ते म्हणाले. “घरी ने. आणि हे तिच्या कानावर पडेल असं बोल.”

तेव्हा बाबांनो, आज जेवून उठाल तेव्हा हात धुण्याआधी एकदा विचारा, कोणाच्या हातचं. उत्तर माहीत असले तरी विचारा. आत कोणीतरी ऐकत असते.